तिसऱ्या तासाची भेग

हुमेद : थोडक्यात म्हणजे कसं, पोरी?

हिरुत : थोडक्यात म्हणजे थोडक्यात, अब्बा हुमेद. ती सोस्ना आत्ता टेकडीवरून खाली येईल. फोन तुमच्या तोंडासमोर धरील. तुम्ही म्हणायचं, अदो-कोमाच्या पायथ्याशी जमीन फाटली, धूर निघाला, आम्ही पळालो. झालं.

हुमेद : आणि बकऱ्या?

हिरुत : बकऱ्यांचं नाही काढायचं.

हुमेद : सात बकऱ्या गेल्या त्या भेगेत माझ्या. एक तर आठ दिवसांत व्यायची होती.

हिरुत : ठाऊक आहे मला. दोन वर्षांपूर्वी मीच लिहून घेतलं होतं ना?

हुमेद : मग? माणूस भेटला की त्याला सगळं सांगायचं. पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे, कोण मेलं, कोण जन्मलं. आधी दागू, मग बाकीचं. हे तुला मी शिकवायचं? इथल्याच असाईता गावात वाढलेली तू. तुझा बाप मिठाच्या ट्रकवर होता तेव्हा आमच्या दारात बसून दागू ऐकायचा. तो कधी थोडक्यात म्हणाला नाही.

हिरुत : त्याला वेळच वेळ होता. ट्रक निम्मा वेळ बंदच पडलेला असायचा.

हुमेद : बरं. माझं सांगून झालं. विहीर आटली ते सांगितलं, मेहुण्याची उंटीण लंगडते ते सांगितलं, धाकट्या सुनेला मुलगी झाली तेही सांगितलं. आता तुझं दे.

हिरुत : माझं काय असणार? तेच आपलं. अदिस अबाबा, नोकरी, पाठदुखी.

हुमेद : माझ्या घरचं दूध प्यालीस ना?

हिरुत : प्याले.

हुमेद : मग दे. दागूत खोटं चालत नाही आणि अर्धंही चालत नाही. सतरा वर्षं येतेस तू. अशी मान खाली घालून कधी बसली नव्हतीस.

हिरुत : सांगते. पण हे तुमच्या-माझ्यात.

हुमेद : बातमी तुझी. मी ती तुझ्या आधी कुणाला देणार नाही. बोल.

हिरुत : ती वर रेंज शोधत फिरतेय ना, सोस्ना, तिनं एक लेख लिहिलाय. मोठा. जगभरचे जमिनीचा अभ्यास करणारे लोक वाचतील असा. तुमच्या भेगेवर.

हुमेद : माझ्या भेगेवर! काय म्हणते?

हिरुत : आता बघा, इथली जमीन दोन्ही बाजूंनी ओढली जाते, हे तुम्हाला मी सांगितलंय.

हुमेद : सांगितलंयस. ओलं चामडं ताणतात तशी.

हिरुत : हां. आणि खाली वितळलेला खडक आहे, शिलारस. तो वर यायला बघतो. आमच्या लोकांत भांडण एवढंच, की आधी काय होतं. शिलारस खालून रेटतो म्हणून जमीन फाटते, की ताणानं जमीन आधी फाटते आणि वाट मिळाली म्हणून शिलारस मागाहून वर येतो. सोस्ना म्हणते, आधी फाटते. अगदी गुपचूप, हादरा न देता. आमच्या यंत्राला पहिला हादरा लागला, त्याच्या सहा तास आधीच अदो-कोमा फाटला होता म्हणे. असं जगात अजून कुणी दाखवलेलं नाही.

हुमेद : कसं दाखवतील? तसं झालंच नाही. जमीन हलली आणि फाटली, सगळं एकदमच. मी तिथे उभा होतो.

हिरुत : कितव्या तासाला?

हुमेद : तिसऱ्या. ऊन पाठीवर आलं होतं.

हिरुत : बरोबर. सूर्य उगवल्यापासून तिसरा तास. आता आमच्या भूगर्भ खात्याचा नियम असा, की वहीत वेळ लिहायची ती परदेशी घड्याळाची. कुणी तिसरा तास म्हणालं, तर आपण बदलून सकाळचे नऊ लिहायचे. मी कायम बदलते. त्या दिवशी मला ताप होता, वरून राख पडत होती. तुमच्या तोंडून आली तीच वेळ तशीच उतरवली. तीन. आणि हिनं वही उघडून ते परदेशी तीन धरले. म्हणजे मध्यरात्रीनंतरचे तीन.

हुमेद : मध्यरात्रीपासून का मोजतात ते?

हिरुत : त्यांचा दिवस मध्यरात्री सुरू होतो.

हुमेद : झोपेत?

हिरुत : झोपेत.

हुमेद : मग गोंधळ होणारच. सांग तिला.

हिरुत : नाही सांगणार.

हुमेद : का?

हिरुत : कारण तीन महिन्यांपूर्वी तिचा कच्चा लेख माझ्या टेबलावर आला. मी शेवटचं पान आधी उघडलं. तिथे लिहिलं होतं, "वाहनाची सोय आणि स्थानिक मदत याबद्दल श्रीमती हिरुत यांचे आभार." वाहनाची सोय, अब्बा! सतरा वर्षं यंत्राच्या बॅटऱ्या खांद्यावर मारून नेल्या मी त्या टेकडीवर. दोनदा मलेरिया झाला. नवरा म्हणाला, तू त्या दगडांशीच लग्न कर, आणि गेला. आणि मी काय, तर वाहनाची सोय! अंगाची नुसती लाही लाही झाली. मग मी पानं उलटत गेले, आणि मला ते तीन दिसले. तुम्हाला खरं सांगू? मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले मी त्या दिवशी.

हुमेद : हे वाईट आहे, पोरी.

हिरुत : आहेच. मी कुठे चांगलं म्हणते? पण माझ्या डोळ्यांत खुपते हो ती. परदेशात शिकायला जायची जागा एकच होती. दोघींनी अर्ज केला. माझी नोकरी साडेचार वर्षांची, तिची सहा महिन्यांची. हातोडा कसा धरायचा ते मी शिकवलं होतं तिला. गेली कोण? ती. अकरा वर्षांनी परत आली, आणि आता शिपायापासून साहेबापर्यंत सगळे डॉक्टर सोस्ना, डॉक्टर सोस्ना! तुमच्या भाषेतले दोन शब्द बोलते, तेही मोडके, तर लोक टाळ्या वाजवतात. मी अख्खं भांडण तुमच्या भाषेत करते, कुणी मान वर करून बघत नाही.

हुमेद : आणि लेख छापून आल्यावर?

हिरुत : वर्षभरात कुणीतरी चूक काढेलच. मग हसतील. इथिओपियाची बाई, आणि स्वतःच्या देशाचं घड्याळ कळेना! त्यानंतर तिला कोण विचारतंय?

हुमेद : चूक तुझ्या वहीतली आहे.

हिरुत : वही कोण बघतो? लोक लेख बघतात. लेखावर जिचं नाव, तिची चूक.

हुमेद : जी बातमी तिला द्यायची, ती तू मला देऊन मोकळी होतेस.

हिरुत : तुम्हीच मागितलीत. पुरे आता, आली ती.

(सोस्ना टेकडीवरून धापा टाकत उतरते. तिला अफार भाषा येत नाही. पुढे हुमेद अफारमध्येच बोलतो आणि हिरुत त्याचं बोलणं सोस्नाला अम्हारिकमध्ये सांगते.)

सोस्ना : एत्ये हिरुत! अगं मिळाली! रेंज मिळाली! त्या वरच्या काळ्या दगडावर एका पायावर उभं राहिलं की मिळते!

हिरुत : एत्ये, ताई, असलं काही म्हणू नकोस मला. पाच वर्षांनीच तर मोठी आहे मी.

सोस्ना : ऐक तर! संपादकांचं पत्र आलंय. लेख घेतला त्यांनी! फक्त साक्षीदाराचं बोलणं सोबत जोडा म्हणतात, बस्स. आज संध्याकाळी समेरा शहरात पोचलो की पाठवायचा. झालं, सुटलो!

हिरुत : अभिनंदन.

सोस्ना : असं काय कोरडं कोरडं? मिठी तरी मार.

हिरुत : घामानं निथळतेयस.

सोस्ना : तुझं आपलं काहीतरीच! थांब, आधी गाशे हुमेदना नमस्कार करू दे, मी पाठ करून आलेय. हां... बघ, हसले! बरोबर म्हटलं ना मी?

हुमेद : तिनं मला "कशी आहेस, आजी" म्हटलं. पण मनापासून म्हटलं. तिला सावलीत बस म्हण.

हिरुत : बस म्हणतात. एक शब्द चुकला तुझा.

सोस्ना : एकच? मग पास झाले! चल, लावते फोन. विचार त्यांना, भेग पडली तो दिवस कसा गेला. अगदी पहिल्यापासून सांगा म्हणावं, घाई नाही.

हिरुत : अब्बा, भेगेचा दिवस सांगा.

हुमेद : ऐक. रमजान संपून चौथा दिवस. पहिल्या तासाला मी बकऱ्या सोडल्या, एकतीस. नात माझ्याबरोबर होती. ऊन चांगलं पडलं होतं, वारा नव्हता. हे ऐकलंस?

हिरुत : ऐकलं. सोस्ना, रमजाननंतरचा चौथा दिवस होता. वारा नव्हता. नात बरोबर होती त्यांच्या.

सोस्ना : एवढंच? बराच वेळ बोलत होते.

हिरुत : म्हातारी माणसं पाल्हाळ लावतात.

सोस्ना : पण नात? तीन वाजता?

हिरुत : उकाड्याचे दिवस ना. बाहेरच झोपतात सगळी.

हुमेद : पुढचं ऐक. तिसऱ्या तासाला जमीन हलली. बसलेला उंट उठायला लागला की पाठीवरचा माणूस हलतो ना, तशी. बकऱ्या गप्प झाल्या, सगळ्या एकदम. आणि माझ्यासमोर, त्या बाभळीपासून या बाभळीपर्यंत, जमीन उघडली. सात बकऱ्या डोळ्यांदेखत आत गेल्या. मी नातीला उचललं आणि पळालो. बकऱ्यांना हाकसुद्धा मारली नाही. ते अजून टोचतं मला.

हिरुत : त्या बाभळीपासून या बाभळीपर्यंत जमीन फाटली. ते नातीला उचलून पळाले.

सोस्ना : बिचारे. आवाज बघ ना कसा भरून आला त्यांचा. आणि वेळ?

हिरुत : वहीत आहे तीच.

सोस्ना : तीन.

हिरुत : तीन.

सोस्ना : जमीन आधी हलली की आधी फाटली?

हिरुत : ते नाही आठवत त्यांना.

सोस्ना : विचारलंस तरी का?

हिरुत : शंभरदा विचारलंय आजवर. तू काय पहिल्यांदा विचारतेयस?

सोस्ना : बरं बाई, चिडू नकोस. शेवटचा प्रश्न. तेव्हा काळोख होता का? संपादकांना अशा गोष्टी फार आवडतात.

हिरुत : अब्बा, तेव्हा काळोख होता का, विचारते ही.

हुमेद : काळोखच झाला. राख इतकी उठली, की सूर्य झाकून गेला. दुपारपर्यंत माझा हात मला दिसेना.

हिरुत : काळोख होता. स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणतात.

सोस्ना : वा! वा, काय बोलले! हे जसंच्या तसं घालते.

हुमेद : पोरी.

हिरुत : काय?

हुमेद : चाळीस वर्षं मी बातीच्या बाजारात बकऱ्या विकल्या. डोंगरावरच्या लोकांची ही अम्हारिक भाषा मला धड बोलता येत नाही. पण कळते. त्यांचा सूर्य हा शब्द मला कळतो. तू सूर्य म्हणाली नाहीस. बकऱ्या म्हणाली नाहीस. माझ्या तोंडात तू रात्र घातलीस.

हिरुत : अब्बा, मध्ये पडू नका. हात जोडते.

सोस्ना : काय म्हणताहेत? रागावले का?

हिरुत : छे. दूध घेणार का, विचारताहेत.

सोस्ना : घेईन की! उंटिणीचं आहे का?

हुमेद : मी दूध विचारलं नव्हतं. पण घे म्हण तिला. तिच्या मागच्या त्या घट्ट विणलेल्या वेताच्या भांड्यात आहे. तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

हिरुत : घे. मागे भांडं आहे.

सोस्ना : अं... धुरकट लागतं. छान आहे. एत्ये... बरं, हिरुत. तुला एक दाखवायचंय. कधीपासून दाबून ठेवलंय मी. हे बघ, लेखाचं पहिलं पान. शेवटचं रूप.

हिरुत : चष्मा गाडीत राहिलाय माझा.

सोस्ना : मग मी वाचते. मथळा तुला माहीतच आहे. त्याच्या खाली, "हिरुत देसालेन आणि सोस्ना गेब्रे-हिवोत."

हिरुत : काय?

सोस्ना : पहिलं नाव तुझं. मुख्य लेखिका तू. मी दुसरी.

हिरुत : थट्टा करू नकोस.

सोस्ना : थट्टा कसली! साहेबांनी नाक मुरडलं, म्हणाले, पदवी नाही तिला. मी म्हटलं, पदवी मला आहे, पण सतरा वर्षांच्या वह्या तिच्या आहेत. त्या नसत्या तर मी काय लिहिणार होते?

हिरुत : पण ते आभार... वाहनाची सोय...

सोस्ना : ते वाचलंस तू? देवा रे. मला वाटलं होतं, तू तो खर्डा उघडलाच नाहीस.

हिरुत : वाचलं.

सोस्ना : आणि काही बोलली नाहीस? ते मी मुद्दाम लिहिलं होतं, हिरुत. आता खोटं कशाला बोलू? परत आले तेव्हा फार जळायचे मी तुझ्यावर.

हिरुत : तू? माझ्यावर?

सोस्ना : मग! कुठेही उतरले की ड्रायव्हर पहिलं विचारणार, "हिरुत नाही आल्या?" वाटेतल्या चहावाल्या, पोलीस, बकऱ्या राखणाऱ्या बायका, सगळ्यांचं तेच. हिरुत कुठे, हिरुत कशी आहे. मी अकरा वर्षं परक्या मुलखात एकटी काढली, आणि परत आले तर इथेही मीच परकी. एकेका शब्दासाठी तुझ्या तोंडाकडे बघावं लागायचं. इतका राग यायचा, की लिहून टाकलं ते. मग एक दिवस तुझ्या वह्या घेऊन बसले. राख पडत असताना, अंगात ताप असताना लिहिलंयस तू, त्या पानावर सगळं अक्षर थरथरलंय. माझी मलाच लाज वाटली. म्हणून तुझी वेळ मी तपासलीसुद्धा नाही. म्हटलं, हिरुतनं लिहिलंय ना, मग झालं.

हिरुत : पाठवू नकोस.

सोस्ना : अं?

हिरुत : लेख पाठवू नकोस, सोस्ना.

सोस्ना : नाव नकोय का तुला? हे बघ, उगीच मोठेपणा करायचा नाही...

हिरुत : ते तीन चुकलेत.

सोस्ना : कुठले तीन?

हिरुत : ते तीन आपले आहेत. सकाळचा तिसरा तास. नऊ. माझ्याकडून बदलायचे राहिले त्या दिवशी. जमीन हलली आणि फाटली, दोन्ही एकदमच. सहा तास वगैरे काही नाही.

सोस्ना : थांब थांब. आत्ता तर ते म्हणाले...

हिरुत : ते म्हणाले, पहिल्या तासाला बकऱ्या सोडल्या. ते म्हणाले, ऊन चांगलं पडलं होतं. सात बकऱ्या भेगेत पडल्या म्हणाले. मी नाही सांगितलं तुला.

सोस्ना : काळोख होता म्हणालीस.

हिरुत : राखेनं सूर्य झाकला म्हणून काळोख. तो सूर्य मी गाळला.

सोस्ना : नऊ. म्हणजे यंत्रावर पहिला हादरा नवाला दहा कमी असताना, आणि इथे भेग नऊला. मग राहिलं काय, हिरुत? लेखच राहिला नाही. शिलारसानं रेटलं आणि जमीन फाटली. हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं.

हिरुत : हो.

सोस्ना : तुला हे आत्ता कळलं? त्यांचं ऐकताना?

हिरुत : नाही.

सोस्ना : मग कधी?

हिरुत : खर्डा वाचला त्या दिवशी.

सोस्ना : तीन महिने! अगं, मागच्या महिन्यात त्या बैठकीत मी सगळ्यांसमोर बोलत होते तासभर. तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मान डोलवत होतीस!

हिरुत : हो.

सोस्ना : माझा फजितवाडा व्हायची वाट बघत होतीस तू.

हिरुत : बघत होते. फार वाट बघत होते. तुझं कौतुक झालं की मनात म्हणायचे, होऊ दे, अजून होऊ दे, जितकी वर जाशील तितकी आपटशील. माझ्या जिवाला तेवढाच एक आधार होता, सोस्ना. तू हवं ते बोल मला.

सोस्ना : मला काही बोलायचं नाही. एकच विचारायचंय. मघाशी तू मला डोळ्यांत बघून "तीन" म्हणालीस. त्याला पाच मिनिटंही झाली नाहीत. मी ते पहिलं पान वाचलं नसतं, तुझं नाव शेवटच्या पानावरच असतं, तर आज संध्याकाळी पाठवू दिला असतास ना मला लेख?

हिरुत : ते भांडं दे इकडे, दूध सांडेल.

सोस्ना : अगं, खरं सांग. आता काय राहिलंय लपवायला?

हिरुत : पाठवू दिला असता.

सोस्ना : म्हणजे तू मला नाही वाचवलंस. स्वतःला वाचवलंस.

हिरुत : हो.

हुमेद : पोरी, सांगितलंस का तिला?

हिरुत : सांगितलं, अब्बा.

हुमेद : सगळं?

हिरुत : सगळं. तुम्ही ऐकलंतच.

हुमेद : ऐकलं. नाव दिसलं, मग सूर्य उगवला तुझा.

हिरुत : तुम्ही तरी टोचू नका.

सोस्ना : त्यांना म्हणावं, मला माफ करा. मी तुमची गोष्ट न ऐकताच लिहून टाकली. आणि विचार, पुन्हा एकदा सांगतील का? पहिल्या तासापासून. बकऱ्यांसकट. छापायला नाही, मलाच ऐकायचंय. काय झालं ते तरी मला कळू दे.

हिरुत : अब्बा, ती म्हणते, तिला माफ करा. आणि पुन्हा पहिल्यापासून सांगाल का? या वेळी एक शब्द गाळणार नाही मी. शपथ घेते.

हुमेद : नको.

हिरुत : नको म्हणजे? तिला ऐकायचंय.

हुमेद : तिला सांगेन. तुझ्या तोंडून नको.

हिरुत : अब्बा! सतरा वर्षं तुम्ही माझ्याशीच बोलत आलात.

हुमेद : बोलत आलो.

सोस्ना : काय म्हणताहेत, हिरुत?

हुमेद : तू. बाई. इकडे ये. जवळ बस. अम्हारिक, मला थोडी. बाजारातली. मी सावकाश सांगतो. तुला कळेल.